हरतऱ्हेच्या बांध्याची माणसं चितारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिगर ड्रॉइंगच्या, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला पाहून चित्र काढण्याच्या सत्रांत, सत्र संपल्यावर ब्रश धुताना आणि नंतर निरोपांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. नेहमीच्या फिगर ड्रॉइंगपेक्षा यात वेगळं काय शिकायचं असतं?

तंत्र तेच. समोर जिवंत माणूस, हातात कोळसा आणि ठरलेला वेळ. फरक आहे तो समोर कोण बसतं यात. आपल्यापैकी बहुतेकांचा हात एकाच बांध्यावर बसलेला असतो: रुंद खांदे, निमुळती कंबर, लांबसडक पाय. शिकण्याच्या पुस्तकांतले नमुने तसे, प्लास्टरचे पुतळे तसे. मग मॉडेल कोणीही असो, कागदावर तोच पाठ झालेला माणूस उतरतो. जाड, काटकुळी, बुटकी, थोराड, म्हातारी, गरोदर अशी माणसं आलटून पालटून समोर आली की पाठांतर उपयोगी पडत नाही आणि डोळ्यांना काम करावं लागतं. कौतुकापोटी कोणाला गोड करून दाखवणं यात बसत नाही. गोड करणारा आणि टिंगल करणारा, दोघांनीही समोरच्याकडे नीट पाहिलेलं नसतं.

२. जुन्या चित्रांत तर सगळे प्रमाणबद्धच दिसतात. ही नवी टूम आहे का?

अजिबात नाही. ऑस्ट्रियात विलेनडॉर्फ इथे १९०८ मध्ये सापडलेली चुनखडीची स्त्रीमूर्ती जेमतेम ११ सेंटिमीटर उंच आहे. तिचं ओघळतं पोट आणि भरदार मांड्या पंचवीस हजार वर्षांहूनही आधी कोणीतरी फार लक्ष देऊन कोरल्या. आल्ब्रेख्त ड्यूररचा मानवी प्रमाणांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५२८ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात एकच आदर्श माणूस नाही. जाडजूड ते सडसडीत अशा अनेक स्त्री-पुरुषांची मापं त्याने वेगवेगळी काढून दिली आहेत. रुबेन्सच्या 'थ्री ग्रेसेस' या चित्रात मांड्यांवरचे खळगे आणि चढउतार स्पष्ट दिसतात. रेम्ब्रांटच्या १६५४ मधल्या चित्रातली बायबलमधली बाथशीबाही तशीच भरल्या अंगाची आहे.

भारतीय शिल्पशास्त्रातलं तालमान तर या बाबतीत फारच मोकळं आहे. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल. मोठ्या देवदेवतांना नऊ-दहा ताल, तर गणपतीला साधारण पाच. म्हणजे ठेंगण्या, लंबोदर आकृतीलाही तिचं स्वतःचं माप होतं. उंच आकृती काढताना हात चुकला म्हणून ती तशी झाली, असं कोणी मानत नव्हतं.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर ल्यूशन फ्रॉइडचं 'बेनिफिट्स सुपरवायझर स्लीपिंग'. सोफ्यावर झोपलेल्या एका विशालकाय स्त्रीचं हे १९९५ मधलं चित्र २००८ मध्ये लिलावात ३ कोटी ३६ लाख डॉलरला गेलं. हयात चित्रकाराच्या चित्राला तोवर मिळालेली ती लिलावातली सर्वांत मोठी किंमत होती. किमतीवरून चित्राची प्रत ठरत नाही, हे खरंच. पण 'असली चित्रं घेणार कोण' असं विचारणाऱ्यांसाठी हा आकडा मी लक्षात ठेवला आहे.

३. 'उंची म्हणजे आठ डोकी' हे माप मग चुकीचं का?

चुकीचं नाही, आदर्शीकृत आहे. माथ्यापासून हनुवटीपर्यंतची लांबी म्हणजे एक डोकं. प्रौढ माणूस बहुधा सात ते साडेसात डोक्यांचा भरतो. आठ डोक्यांची आकृती भारदस्त दिसते म्हणून ती रूढ झाली, आणि फॅशनच्या रेखाटनांत नऊपर्यंतही जातात.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. डोक्यांत मोजलेली उंची हाडांवर ठरते, वजनावर नाही. वजनाने रुंदी, खोली आणि बाह्यरेषा बदलते. म्हणून मॉडेल कितीही जाड असलं तरी उभी मापं आधी घ्यायची: डोक्याचा माथा, हनुवटी, गळ्याची खाच, गुडघा, घोटा. छाती किंवा बेंबी खुणेला धरू नका, त्या खाली-वर सरकतात. मग आडवी मापं: खांद्यांत किती डोकी मावतात, पोटाच्या सर्वांत रुंद जागी किती.

जाड मॉडेल काढताना नवशिके हमखास डोकं मोठं करतात. शरीर रुंद वाटतं, तर डोकंही त्याच पटीत वाढवलं जातं आणि आकृती लहान मुलासारखी दिसू लागते. या मापाला खरा अपवाद कोणता, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. जाड मॉडेलवर हाडं दिसतच नाहीत. बांधणी कुठून धरायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

काही ठिकाणी त्वचा हाडाला इतकी जवळ असते की बहुतेकांची हाडं तिथे सापडतात: मनगट, नडगी, घोटा, गळ्याची खाच. सुरुवात तिथून करा. बाकी ठिकाणी उलटा हिशोब असतो. बारीक माणसात जिथे उंचवटा दिसतो, तिथे जाड माणसात खळगा पडतो, कारण आजूबाजूला चरबी साठते आणि हाडाजवळची त्वचा मात्र खालीच बांधलेली राहते. सरळ केलेल्या हाताचं कोपर पाहा, पंजाच्या मागचे बोटांचे सांधे पाहा, कंबरेच्या मागे दोन्ही बाजूंना पडणाऱ्या खळ्या पाहा. उंचवटा शोधणं सोडून खळगा शोधायला लागलात की सांगाडा परत हाती लागतो.

चरबी अंगभर सारखी पसरत नाही. तिच्या ठरलेल्या जागा असतात: ओटीपोट, कंबरेच्या हाडाच्या वरचा बाजूचा भाग, मांडीची बाहेरची बाजू, गुडघ्याची आतली बाजू, दंडाची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग. कोणात कुठे जास्त, हे माणसागणिक बदलतं. एकाचं सगळं पोटावर असतं आणि पाय काड्यांसारखे, तर दुसऱ्याची कंबर लहान आणि मांड्या भरदार. 'जाड माणूस' म्हणून एकच साचा बनवलात, तर आठ डोक्यांच्या जागी दुसरं पाठांतर आलं, एवढंच.

वळ्या कुठे पडतात, तेही बरंचसं ठरलेलं आहे. जांघेत, स्तनाखाली, बेंबीच्या पातळीवर, बगलेपासून पाठीकडे. प्रत्येक वळीला सुरुवात आणि शेवट असतो, मधे ती गडद होते आणि टोकांना विरून जाते. दोन वळ्या भेटतात तिथे एक दुसरीच्या आड जाते. कोण पुढे आणि कोण मागे, हे तिथल्या रेषेनेच दाखवायचं. सगळ्या वळ्या सारख्याच जाडीच्या रेषेने काढल्या की शरीर पिंपासारखं आडव्या पट्ट्यांचं दिसतं.

सराव म्हणून एकाच मॉडेलला उभं, कुशीवर आणि पाठीवर अशा तीन पोझ द्यायला सांगा. उभं असताना पोट खाली लोंबतं, कुशीवर जमिनीकडे घसरतं आणि पाठीवर झोपल्यावर बाजूंना पसरतं. मग बरगड्यांची कड पुन्हा दिसायला लागते. एकाच माणसाच्या या तीन बाह्यरेषा शेजारी ठेवून पाहा.

५. मग बारीक मॉडेल सोपं, नाही का?

नाही. बारीक माणूस समोर आला की लोक शरीरशास्त्राचा तक्ता काढतात. सगळ्या बरगड्या मोजून, सारख्या ठळक. प्रत्यक्षात प्रकाश चाटून जातो तिथेच बरगडी उठते, पुढे ती विरते. सांधे मधल्या भागापेक्षा रुंद दिसतात, ते धीटपणे दाखवा. आणि बारीक माणूस आजारीच असणार, असा चेहरा त्याला देऊ नका.

६. जाड शरीराची पोझ कागदावर ठोकळ्यासारखी येते. त्यात हालचाल कशी आणायची?

बाह्यरेषेपासून सुरुवात केली की ठोकळाच होणार. अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या झटपट पोझ घ्या. कोळशाची कांडी आडवी धरा आणि रेषेऐवजी आकारमान खरडा. आधी छातीचा पिंजरा, मग कटी, आणि त्या दोघांचा एकमेकांशी असलेला कल.

मग तोल. गळ्याच्या खाचेतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. सगळं वजन एका पायावर असेल तर तो त्याच पायाच्या घोट्याजवळ पडतो. पोट पुढे असलेला माणूस तोल सांभाळायला छाती मागे टाकतो, कंबरेची कमान खोल होते, पावलं फाकतात. बाजूंच्या भरावामुळे हात सरळ खाली न लोंबता तिरके बाहेर येतात. अंगात लय असते ती याच तिरक्या रेषांत, आणि शिकलेली 'सरळ उभी आकृती' डोक्यात ठेवली तर नेमक्या त्याच सुटतात.

शेवटी टेकण. मांडी खुर्चीवर जिथे दाबली जाते तिथे ती सपाट होते आणि कडेला फुगते. ही एक रेषा नेमकी आली की चित्रात वजन उतरतं.

७. रंगवताना वळ्यांत काळा भरला की चित्र मळकं दिसतं. काय करावं?

काळा बाजूला ठेवा. वळीत त्वचेसमोर त्वचा असते, त्यामुळे प्रकाश एकमेकांवर आपटून आत उबदार, लालसर अंधार तयार होतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा अलिझरिन क्रिमझनमध्ये (गडद लाल) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून पाहा. उजेडाकडून सावलीकडे वळणारा मधला टोन मात्र थंड ठेवा, निळसर करडा. रुबेन्सच्या अंगरंगाची जादू बरीचशी या थंड मधल्या टोनात आहे.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर प्रकाशाचे ठिपके जास्त तेजस्वी आणि बहुधा थंड दिसतात. तिथे नुसता पांढरा मिसळलात तर त्वचेवर राख पडल्यासारखं होतं. आकाशाचा किंवा दिव्याचा रंग त्यात आणा. ऊन न लागणाऱ्या भागाचा रंग हातांच्या किंवा चेहऱ्याच्या रंगाहून वेगळा असतो. एकच मिश्रण अंगभर फासू नका.

८. स्ट्रेच मार्क्स, व्रण, शस्त्रक्रियेच्या खुणा दाखवायच्या की गाळायच्या?

आधी मॉडेलला विचारा. काहींना ती खूण चित्रात हवीच असते, काहींना मुळीच नको असते. दोन्ही मान्य करायचं.

मॉडेलची हरकत नसेल तर माझी कसोटी साधी आहे. चित्रात नखं आणि बेंबी काढण्याइतका तपशील असेल, तर व्रणालाही जागा आहे. नखं गाळली असतील, तर एकटा व्रण ठळक करणं म्हणजे त्याकडे बोट दाखवणं. स्ट्रेच मार्क्स नवे असताना लालसर-जांभळे असतात, पुढे फिकट आणि थोडे चकाकते होतात. ओल्या रंगातच ब्रशचे एकेक फटकारे मारून ते आणा. सगळे मोजत बसू नका, त्यांची दिशा पकडली की पुरे.

९. बोतेरोसारख्या गुबगुबीत आकृत्या काढल्या तर तेही यातच येतं ना?

कोलंबियाचा चित्रकार फेर्नांदो बोतेरो (१९३२–२०२३) माणसं फुगवत होता, तशीच फळं, घोडे आणि वाद्यंही. आपण जाड माणसं काढत नाही, आकारमान काढतो, असं तो स्वतः सांगत असे. ती एक शैली आहे आणि मला ती आवडते. पण तिच्यात सगळेच सारखे फुगतात, म्हणून विविधता उलट कमी होते.

अशा शैलीत काम करताना व्यंगचित्राची सीमा कुठे, असं विचाराल, तर त्याच चित्रात एक सडपातळ माणूस काढून पाहा. त्याच्या चेहऱ्याला जास्त मान आणि जास्त वेळ मिळाला, तर कुठेतरी गडबड आहे. पुस्तकातली किंवा ॲनिमेशनमधली पात्रं रचणाऱ्यांनाही हेच सांगेन. जाड पात्राच्या वाट्याला फक्त खाणं आणि धडपडणं येतंय का, ते तपासा.

१०. मॉडेल विवस्त्र असायलाच हवं का?

मुळीच नाही. अंगासरशी बसणारे सुती कपडे चालतात. चुण्या जिथून सुटतात ते ताणाचे बिंदू शोधा: खांदा, छातीचं टोक, कंबर, गुडघा. कपड्याखाली शरीर आहे, हे त्या चुण्याच सांगतात.

११. मोठ्या बांध्याच्या व्यक्तीला मॉडेल होण्याविषयी विचारायचं कसं? तिला वाईट वाटलं तर?

ओळख नसताना रस्त्यात गाठून विचारू नका. 'आमच्याकडे सगळ्या बांध्याची माणसं बसतात, तुम्हाला आवडेल का' असं लेखी विचारा, म्हणजे नकार देणं सोपं जातं. मानधन, वेळ, कपडे आणि चित्रांचं पुढे काय होणार, हे त्याच पत्रात लिहा. मानधन इतरांइतकंच. आणि एकदाच 'खास विविधता सत्रा'साठी बोलावून पुन्हा कधीच बोलवायचं नसेल, तर न बोलावलेलं बरं. प्रदर्शनात मांडलेल्या नवलाच्या वस्तूसारखं वाटून घ्यायला कोणी येत नाही.

१२. सत्राच्या ठिकाणी काय तयारी ठेवायची?

हात नसलेली, रुंद आणि भक्कम खुर्ची. चौथरा असेल तर चढायला पायरी. जमिनीवरच्या पोझसाठी जाड गादी, आणि उठताना धरायला शेजारी काहीतरी. गुडघ्यांवर बसायची पोझ कोणाकडूनही फार वेळ मागू नका. पोझ बदलली की परत जुळवायला पावलांभोवती चिकटपट्टीच्या खुणा करा. वीस मिनिटं पोझ आणि पाच मिनिटं विश्रांती ही रूढ पद्धत आहे, पण मॉडेलने आधी थांबायचं म्हटलं तर थांबायचं.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: विश्रांतीत अंगावर घ्यायचा झगा. तो मॉडेलला पुरेसा मोठा हवा. न मिटणारा झगा हातात देणं म्हणजे आपण कोणाची वाट पाहत होतो, ते न बोलता सांगणं.

मॉडेलच्या अंगावर टिप्पणी नको, तारीफही नको. 'या कोनातून किती बारीक दिसताय' हे वाक्य मी सत्रात बंद केलं आहे. पोझबद्दल, प्रकाशाबद्दल हवं तेवढं बोला. फोटो काढायचे नाहीत.

१३. जन्मतः बुटकेपणा असलेल्या व्यक्तीला प्रश्न ३ मधली मापं लागू होतात का?

नाही, हाच तो अपवाद. अकॉन्ड्रोप्लेजिया या जन्मजात बुटकेपणाच्या प्रकारात धड साधारण इतर प्रौढांएवढंच असतं, हातपाय आखूड असतात, आणि त्यातही दंड व मांडी जास्त आखूड. डोकं तुलनेने मोठं, कपाळ पुढे आलेलं. नेहमीचा माणूस 'छोटा करून' काढला तर ते चित्र कोणाचंच होत नाही. प्रत्येक अवयव स्वतंत्र मोजा. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६४५ च्या सुमाराला रंगवलेलं सेबास्तियान दे मोर्राचं चित्र पाहा. दरबारात करमणुकीसाठी ठेवलेला हा माणूस जमिनीवर बसून सरळ आपल्याकडे पाहतो आणि त्या नजरेत विनवणी अजिबात नाही.

१४. गरोदर मॉडेलचं पोट आणि चरबीचं पोट, काढताना फरक काय?

गरोदरपणातलं पोट घट्ट असतं. त्वचा ताणलेली, बेंबी बहुधा सपाट किंवा बाहेर आलेली, वळ्या जवळपास नाहीत, प्रकाश त्यावर गोलाईने फिरतो. चरबीचं पोट वजनाने आकार बदलतं (प्रश्न ४). जाड मॉडेल गरोदर असेल तर दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून ठोकताळे न लावता पाहायचं. पोझ छोट्या ठेवा. शेवटच्या महिन्यांत पाठीवर सपाट झोपवू नका, कुशीवर चालेल. ॲलिस नीलने गरोदर स्त्रियांची विवस्त्र चित्रं मालिकेने रंगवली. त्यांतला अवघडलेपणा जरूर पाहावा असा आहे.

१५. मॉडेल मिळत नाही. स्वतःलाच काढलं तर?

उत्तम. हीच ॲलिस नील ऐंशीच्या घरात असताना खुर्चीवर विवस्त्र बसून स्वतःला रंगवून मोकळी झाली, हातात ब्रश आणि डोळ्यांवर चष्मा. ते चित्र १९८० मध्ये पूर्ण झालं. जेनी सॅव्हिलनेही प्रचंड कॅनव्हास स्वतःच्या शरीराच्या आधाराने रंगवले आहेत.

आरसा पूर्ण उंचीचा घ्या आणि तो सरळ उभा करा. मागे कललेल्या आरशात प्रमाणं बिघडतात. खाण्याशी किंवा वजनाशी तुमचं नातं दुखरं असेल, त्यासाठी उपचार चालू असतील, तर आधी उपचार करणाऱ्यांशी बोला. तोवर पावलं, पंजे, कान काढा. तेही शरीरच आहे आणि पाऊल काढणं काही सोपं नाही.

१६. फोटोवरून काढलं तर चालेल का?

अडचण भिंगाची आहे. फोन जवळ धरला की जवळचा भाग फुगतो. पोट मोठं आणि पावलं इवलीशी होतात. निदान तीन मीटर दूर जा, झूम करा, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरा. इंटरनेटवर सापडलेला अनोळखी माणसाचा फोटो परवानगीशिवाय वापरू नका.

१७. याने लठ्ठपणाचं उदात्तीकरण होत नाही का?

चित्र म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. समोरच्याची तब्येत कशी आहे, हे बाह्यरेषेवरून कळत नाही आणि ते ठरवणं माझं कामही नाही. झुरळाचं, पडक्या भिंतीचं चित्र काढताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१८. शाळेतल्या मुलांकडून हा विषय कसा करून घ्यावा?

मॉडेल कपड्यांत, प्रौढ, शक्यतो वेगवेगळ्या वयांची. मुलांनी एकमेकांना काढायचं असेल तर फक्त पंजे, बूट, पाठमोरी बैठक. वर्गातल्या कोणाचंही शरीर 'जाड'चा किंवा 'बारीक'चा नमुना म्हणून पुढे करायचं नाही, गमतीतही नाही.

१९. चित्र पाहून मॉडेलचा चेहराच पडला. फाडून टाकू का?

लगेच काही करू नका, आणि 'छान तर दिसताय' अशी समजूतही काढू नका. काय खटकलं ते विचारा. बऱ्याचदा खटकतो तो चेहरा, जो आपण घाईत उरकलेला असतो, आणि शरीराबद्दल तक्रार नसतेच. ते दुरुस्त करता येतं. शरीरच खटकलं असेल, तर चित्र ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण ते दाखवायचं की नाही हे मॉडेलला ठरवू द्या. ही अट प्रश्न ११ मधल्या पत्रात आधीच लिहिलेली असली की वाद होत नाही.

२०. पोर्ट्रेट करून घेणारे म्हणतात, 'जरा बारीक दाखवा.' काय करावं?

हे काम हातात घेण्याआधीच बोलून घ्या. मी तीन छोटी रेखाटनं वेगवेगळ्या पोझमध्ये करून समोर ठेवतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो. बाजूने येणारा प्रकाश, थोडं वळलेलं धड, मांडीवर ठेवलेले हात, गडद कपडा: यांनी माणूस वेगळा दिसतो, आणि यातलं खोटं काहीच नाही. पोझ, प्रकाश, पोशाख बदलायला माझी कधी ना नसते. कंबरेचं माप बदलायला असते, कारण मग पुढे मान, दंड, बोटं सगळंच बदलावं लागतं आणि चित्रातला माणूस त्यांच्या घरच्यांनाही ओळखू येत नाही. हे सांगूनही आग्रह राहिला तर आगाऊ रक्कम परत देतो.